गावची शाळा पारखायची तर आधी वही मागा

प्रश्न असा आहे: ‘सर, आम्ही पिंपरीहून संगमनेर तालुक्यात गावी राहायला आलोय. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीला जाईल. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, पट ४६, शिक्षक दोन. फाट्यावर इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी येते आणि सासरे म्हणतात, गाडीत बसवा. गावची शाळा चांगली आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं?’

ताई, मी नगर जिल्ह्यात अठरा वर्षं प्राथमिक शिक्षक होतो आणि पुढची चौदा वर्षं केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुखाकडे दहा-बारा शाळा असतात आणि त्यांना भेटी देणं हेच त्याचं मुख्य काम. म्हणजे शाळा पारखण्याचाच पगार मी चौदा वर्षं घेतला. तरी पहिली तीन-चार वर्षं मी सपशेल फसत होतो. कसा फसलो ते आधी सांगतो, कारण तुम्हीही नेमक्या तिथंच फसण्याची शक्यता आहे.

माझ्या केंद्रात एक शाळा होती. शाळांना आयएसओ मानांकन मिळवण्याची लाट आली होती तेव्हाची गोष्ट. वर्गखोल्या रेल्वेच्या डब्यांसारख्या रंगवलेल्या, भिंतीवर सूर्यमाला, पायऱ्यांवर पाढे, दारात पाहुण्यांसाठी लेझीम. लोकवर्गणीतून मोठा टीव्ही आलेला. मी दर भेटीत शेरेपुस्तकात ‘उत्कृष्ट’ लिहून यायचो. एकदा पावसात अडकलो आणि नेहमीच्या अर्ध्या तासाऐवजी दुपारभर तिथंच बसलो. चौथीतल्या एका पोराला जवळ घेतलं, म्हटलं वाच. त्यानं मराठीचं पुस्तक उघडून धडा घडाघडा म्हटला. माझं लक्ष सहज त्याच्या बोटाकडे गेलं. बोट दुसऱ्या ओळीवर आणि जीभ चौथ्या ओळीवर. ग्रंथपेटीतलं एक गोष्टीचं पुस्तक काढून दिलं, तर ‘झाडाखाली’ या शब्दाशीच गाडी थांबली. मग सगळ्या चौथीला एकेक करून वाचायला बसवलं. अकरापैकी पाच जणांना वाचता येत होतं. इतकी वर्षं मी त्या शाळेच्या भिंती तपासत होतो.

त्यामुळं पहिली विनंती ही, की रंग, टीव्ही, फलक, दारावरचं प्रमाणपत्र यांना शून्य गुण द्या. उणे गुणही देऊ नका. रंगवलेल्या कितीतरी शाळा खरोखर उत्तम आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या एका गटात, मुलांनी कृतीतून शिकावं म्हणून फरशीवर आखलेली वर्तुळं आणि चौकटी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिल्या. पाहुण्यांच्या गाड्या तिथं रांगेनं जात होत्या. पण बऱ्याच जणांनी परत येऊन तेवढी फरशीच रंगवली. त्या चौकटीत बसून मूल काय करतं, हे गावाकडे आणायचं राहून गेलं.

आता घरबसल्या काय कळतं ते उरकून टाकू. प्रत्येक शाळेला यू-डायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीचा, अकरा अंकी क्रमांक असतो, आपल्या राज्यातला २७ ने सुरू होतो. त्यावरून यू-डायसच्या संकेतस्थळावर शाळेचा पट, शिक्षकांची संख्या, मुलींचं स्वच्छतागृह, पाणी, वीज ही माहिती मिळते. बघून ठेवा. पण ती शाळेनंच भरलेली असते आणि मुलाला वाचता येतं का, याबद्दल त्यात काही नसतं. वर्तमानपत्रात येणारी राष्ट्रीय सर्वेक्षणंही नमुन्यावर चालतात. त्यातून जिल्ह्याची प्रकृती कळते, तुमच्या गावच्या शाळेची नाही. तरी एक आकडा सासऱ्यांना जरूर सांगा. ग्रामीण मुलांचं वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या खासगी शाळांतही पाचवीतल्या दहातल्या साधारण चार मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नाही. सरकारी शाळांत हे प्रमाण याहून वाईट आहे, ते मी लपवत नाही. पण गाडीत बसलं की वाचायला येतं, असं काही नाही.

मग शाळेतच जायचं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, स्नेहसंमेलन हे दिवस टाळा, त्या दिवशी प्रत्येक शाळा चांगली असते. एखाद्या साध्या मंगळवारी जा आणि परिपाठ संपल्यावर तासाभरानं जा. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी फोन करून सांगा, ‘मुलीला पहिलीत घालायचा विचार आहे, थोडा वेळ बसलो तर चालेल का?’ अचानक धाड घातल्यासारखं जाऊ नका. दोनशिक्षकी शाळेतला मुख्याध्यापक हा स्वतःही दोन वर्ग शिकवणारा माणूस असतो, आणि तपासणीला आलेल्या माणसांना तो आधीच कंटाळलेला असतो. आनंदानं ‘या की’ म्हणाला, तर तीही एक खूण समजा.

पहिलीच्या वर्गात फार रमू नका. पहिलीची मुलं कुठंही गोडच दिसतात. तुम्हाला पाहायची आहे तिसरी. कारण पहिली-दुसरीत शाळेनं काय केलं, ते तिसरीत उघडं पडतं. सरांच्या परवानगीनं चार-पाच मुलांना एकेक करून जवळ बसवा आणि न वाचलेली एखादी छोटी गोष्ट वाचायला द्या. बालभारतीचं पुस्तक नको, ते निम्म्यांना पाठ असतं. मुलं तुम्ही निवडा, सरांना निवडू देऊ नका, आणि त्यातली दोन मागच्या ओळीतली घ्या. वाचून झाल्यावर गोष्टीत नसलेलं काहीतरी विचारा: ‘तो म्हातारा परत का गेला असेल?’ ज्याला समजलंय तो काहीतरी खटपट करून उत्तर देतो, चुकीचं का होईना. ज्यानं नुसते आवाज काढले, तो तुमच्या तोंडाकडे बघतो.

वेगाच्या फार मागे लागू नका. केंद्र सरकारच्या, २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून वाचणं, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. उद्दिष्ट वाईट नाही, पण घड्याळ लावून पोरांना पळवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. आणि आपल्या भाषेत ‘घरापासून’, ‘आजोबांबरोबरसुद्धा’ हा प्रत्येकी एकच शब्द धरला जातो, हे मोजणाऱ्यानं लक्षात ठेवायला हवं. अडखळत का होईना, अनोळखी मजकूर वाचून अर्थ सांगणारं तिसरीतलं मूल मला पुरेसं वाटतं. तुम्ही निवडलेल्या पाचातल्या चौघांना हे जमलं, तर शाळा चांगली आहे, असं मी पुढचं काही न बघता म्हणेन.

आता वही. माझ्या हातात एकच साधन ठेवा म्हणालात, तर मी वहीच ठेवीन. भिंत एकदा रंगवता येते, वही रोजच्या रोज लिहावी लागते. तिसरी-चौथीतल्या चार मुलांच्या मराठीच्या वह्या मागा आणि एकाच दिवसाचं पान शेजारी शेजारी उघडा. चारही वह्यांत ‘माझी आई’ हा निबंध शब्दाला शब्द सारखा असेल, चौघांचीही आई ‘पहाटे लवकर उठते आणि खूप कष्ट करते’, तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे. एखाद्या वहीत ‘माझी आय कांदे काढायला जाते आनि तिला मोबाईलवर गाणे आयकायला आवडते’ असं चुकांसकट सापडलं, तर त्या बाईंच्या हाताखाली मुलगी बिनधास्त द्या.

मग लाल शाईकडे बघा. काही वह्यांत पानामागून पान नुसती सही आणि बरोबरची खूण असते, खाली चूक तशीच ठणठणीत. काहींत उलटं, पान रक्तबंबाळ आणि मुलानं त्यातलं काहीच सुधारलेलं नाही. मला हवी असायची ती तिसऱ्या जातीची वही: एक-दोनच चुका दाखवलेल्या, खाली मुलानं स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेलं, आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक कमी झालेली. तारखाही बघा. जुलैत दहा पानं आणि ऑगस्टमध्ये दोनच, तर मधे काय झालं ते विचारा. कधी उत्तर रास्त असतं.

गणिताच्या वहीत थेट हातच्याच्या वजाबाकीचं पान काढा. ५२ मधून ३८ वजा केले की उत्तर १४. कच्चं राहिलेलं मूल हमखास २६ लिहितं, कारण ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतं: आठातून दोन, पाचातून तीन. हे २६ म्हणजे आळस नाही, त्यामागे मुलाचा स्वतःचा एक नियम आहे आणि तो चुकीचा आहे. चांगला शिक्षक फुली मारून थांबत नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे काढतो, एक गठ्ठा सोडायला लावतो. म्हणून वर्गात काड्या, मणी, खोट्या नोटा आहेत का बघा, आणि त्या हाताळून मळलेल्या आहेत का तेही बघा. कोऱ्या करकरीत साहित्यपेट्या कपाटात कुलूपबंद असणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे, ‘हरवलं तर भरून कोण देणार’ या भीतीपायी.

जाता जाता एक. लहान मूल पंचवीस ऐकून ५२ लिहितं, तेव्हा घाबरू नका. आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस. लिहिताना मात्र उलटं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर टिंगल झाली आणि त्या टिंगलीत पोरांची खरी अडचण बाजूलाच राहिली. पहिली-दुसरीच्या बाईंना विचारा, ‘मुलं पंचवीसला बावन्न लिहितात, तेव्हा तुम्ही काय करता?’ पाच मिनिटं उत्साहानं बोलल्या, तर त्यांनी त्यावर डोकं खर्च केलेलं आहे.

यानंतर एकच प्रश्न असा आहे, ज्याच्या उत्तरावर मी शाळेची खरी किंमत ठरवतो. सरांना विचारा, ‘वर्गात सगळ्यात मागे कोण आहे?’ साधा शिक्षक म्हणतो, ‘आहेत दोन-तीन, घरचे लक्ष देत नाहीत.’ चांगला शिक्षक नाव सांगतो. नुसतं नाव नाही, ‘तिला जोडाक्षरं अडतात, दुपारच्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं घेऊन बसतो, आता क्य आणि त्य जमायला लागलंय’ असं सांगतो. आपल्या भागात हे आणखी महत्त्वाचं. ऊसतोडीला आई-बापांबरोबर दिवाळीच्या सुमारास गेलेली पोरं उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. पटावर त्यांचं नाव असतं, मधले पाच-सहा महिने मात्र कोरे. परत आल्यावर शाळा त्यांना कुठं बसवते, काय शिकवते, की नुसतं सत्राअखेरच्या संकलित चाचणीला हजर दाखवते? डोंगराकडच्या वाड्यांत ठाकर मुलं घरात ठाकरी बोलतात. ती वर्गात त्यांच्या शब्दात बोलली, तर बाई हसतात, गप्प करतात, की तो शब्द फळ्यावर लिहितात? तुमची मुलगी कदाचित या मुलांपैकी नसेल. पण जी शाळा शेवटच्या मुलाला सोडत नाही, ती मधल्यालाही सोडत नाही. उलट शिष्यवृत्तीच्या यादीत दोन नावं झळकवणाऱ्या आणि बाकी वर्ग वाऱ्यावर सोडणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. स्पर्धा परीक्षांत किती चमकले, हे विचारा, पण शेवटी विचारा.

आता तुमच्या शाळेचा पट ४६. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यामुळं संख्या नियमात आहे. पण त्याचा अर्थ एका शिक्षकापुढे एका वेळी दोन इयत्ता. म्हणजे एक इयत्ता शिकत असताना दुसरी काय करते, यावर सगळं आहे. वर्गात बसून फक्त तेवढंच बघा. पाटीवर एक ते शंभर लिहीत बसली असेल, तर तिचा अर्धा दिवस रोज वाया जातोय. जोडीनं वाचत असेल, कार्डं सोडवत असेल, मोठी मुलगी लहानीला समजावून सांगत असेल, तर बहुवर्ग शाळेसारखी दुसरी शाळा नाही, असं माझं मत आहे. लहानं मोठ्यांचं ऐकून शिकतं, मोठं शिकवताना पक्कं होतं.

याचीच पुढची परीक्षा म्हणजे एक शिक्षक नसतानाचा दिवस. कायदा म्हणतो, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामं देऊ नयेत. पण बैठका, प्रशिक्षणं, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या यांत गुरुजींचे किती दिवस जातात ते मी स्वतः त्यांना पत्रं पाठवून पाहिलंय, तो दोष मी शिक्षकांच्या माथी मारणार नाही. विचारायचं इतकंच, ‘सर बैठकीला गेले की चारही वर्ग कसे चालतात?’ आणि हे सरांना नाही, चौथीतल्या पोरांना विचारा. पोरं खोटं बोलत नाहीत, निदान या बाबतीत तरी. त्यांच्याखालोखाल खरी माहिती पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे असते. कोण कधी येतं आणि कधी जातं, हे त्यांच्याइतकं गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

जेवणाच्या वेळेपर्यंत थांबाच. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे, ते ताटात दिसतं. आमटीत डाळ आहे की पिवळं पाणी, हात धुवायला साबण आहे का, सगळी पंगत एकत्र बसते का, शिक्षक चव घेऊन नोंदवहीत लिहितात की महिन्याच्या सह्या एकदम होतात, एवढं बघा. त्यातलं पंगतीचं सगळ्यात नीट बघा.

शिक्षकांच्या बदल्यांबद्दलही सावध करतो. जिल्हा परिषदेची शाळा चांगली असते, म्हणजे पुष्कळदा त्या वर्षी तिथं असलेले एक बाई किंवा एक गुरुजी चांगले असतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं नाव २०२० मध्ये जगभर गेलं ते जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणाऱ्या डिसले गुरुजींमुळं. माझ्याच केंद्रातल्या एका शाळेची कीर्ती ऐकून शेजारच्या दोन गावांतून मुलं यायची. गुरुजींची बदली झाली आणि दोन वर्षांत पट निम्म्यावर आला. म्हणून विचारा, दोन्ही शिक्षक इथं किती वर्षं आहेत आणि बदलीला कधी पात्र होतात. विचारायला संकोच वाटू देऊ नका, गावात ते सगळ्यांना माहीत असतं.

बदलीनंतरही शाळा टिकते ती तिच्यामागे गाव उभं असेल तर. ते कळतं शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या महिला. वही मागा, पालकाला नाही म्हणत नाहीत. दर महिन्याला तेच चार ठराव आणि सगळ्या बायकांच्या सह्या एकाच वळणाच्या असतील, तर समिती कागदावर आहे. ‘तिसरीतल्या सहा मुलांचं वाचन मागे आहे, संध्याकाळी वर्ग घ्यावा’ असा एखादा ठराव दिसला, तर समजा गाव जागं आहे. मी शेकडो इतिवृत्तं वाचली. मुलांच्या शिकण्यावरचे ठराव मला फार थोड्या वह्यांत सापडले, बाकी सगळं पत्रे, कुंपण आणि पाण्याची टाकी.

इंग्रजीचं थोडक्यात. तुमच्या शाळेत सेमी-इंग्रजी आहे का, एवढंच विचारून थांबू नका. लहान वर्गांत त्याचा अर्थ मुख्यतः गणित इंग्रजीतून, इतकाच. ज्या मुलाला मराठीतून वजाबाकी कळलेली नाही, त्याला ती इंग्रजीतून कळणार नाही. आणि फाट्यावरच्या गाडीची शाळाही याच पद्धतीनं बघा: तिसरीतली पाच मुलं, अनोळखी गोष्ट, चार वह्या, मागे पडलेल्या मुलाचं नाव. पालकांना वर्गात बसू देत नाहीत म्हणाले, तर तेही उत्तरच आहे. सहा वर्षांच्या पोरीचा गाडीत रोज जाणारा वेळसुद्धा धरा, तो फीच्या पावतीवर नसतो.

पाहून आल्यावर उणिवा निघतीलच. मग कोणत्या सोसायच्या? पत्रा गळतो, संगणक बंद आहे, मैदान लहान आहे, हे सोसा, समितीत शिरून दुरुस्तही करता येतं. मारणारा, पोरांना जातीवरून हाक मारणारा किंवा निम्मा दिवस फोनवर असणारा शिक्षक सोसू नका. आणि दोन्ही शिक्षक मनापासून शिकवणारे पण थकलेले दिसले, तर माझं मत विचाराल तर मुलगी तिथंच घाला आणि स्वतःही आठवड्यातून एक दिवस गोष्टी वाचून दाखवायला जा.

एप्रिलमध्ये शाळेत ‘पहिले पाऊल’चा शाळापूर्व तयारी मेळावा झाला, तर मुलीला घेऊन जा. दाखल होणारी मुलं टेबलाटेबलावर छोट्या कृती करतात आणि आयांचे गट तयार होतात. तिथं शिक्षक अनोळखी पोराशी कसं बोलतात, हे अर्ध्या तासात दिसेल. पण वर्ग बघायला मात्र एकट्याच जा, आणि गाडी रस्त्यावरच लावा. मैदानात आणलीत तर सगळी पोरं खिडकीशी येतात आणि तुम्हाला बघायचा होता तो वर्ग तुमच्या डोळ्यांदेखत मोडतो.